१२ जानेवारी १८८८ : शाळेला सुटी कोणी द्यायची?

१/ अमेरिकेतील मुले हिवाळ्यात काही रात्री पायजमा उलटा घालून झोपतात, उशीखाली चमचा ठेवतात, शौचकूपात बर्फाचे खडे टाकून पाणी सोडतात. या साऱ्या तोडग्यांचा हेतू एकच. रात्रीतून भरपूर बर्फ पडावा आणि सकाळी शाळा बंद असल्याची बातमी यावी. या सुटीला तिथे ‘स्नो डे’ म्हणतात. आपल्याकडे अतिवृष्टीच्या इशाऱ्यानंतर जिल्हाधिकारी शाळांना सुटी जाहीर करतात, तिचेच हे थंड प्रदेशातील भावंड.

२/ न्यू जर्सीतील एका शाळकरी मुलाने २००७ साली यावर चक्क गणकयंत्र तयार केले. आपल्या भागाचा पिनकोड टाकायचा, की उद्या सुटी मिळण्याची शक्यता टक्क्यांत समोर येते. लाखो मुले ते आकडे पाहून झोपतात (किंवा झोपत नाहीत). पण शाळा भरवण्यापूर्वी हवामानाच्या अंदाजाकडे पाहण्याची पद्धतच जेव्हा नव्हती, तेव्हा काय घडले, याची कथा मात्र गमतीची नाही. आजचा #थ्रेड त्या कथेविषयी.

३/ स्थळ : डकोटा टेरिटरी, नेब्रास्का आणि मिनेसोटाची गवताळ मैदाने. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने पाच वर्षे जमीन कसणाऱ्या कुटुंबाला १६० एकर जमीन मिळू लागली आणि नॉर्वे, जर्मनी, युक्रेन अशा दूरदूरच्या मुलखांतून माणसे इथे आली. लाकूड दुर्मीळ. म्हणून गवताच्या मुळांनी घट्ट बांधलेल्या मातीचे तुकडे कापून त्यांच्याच भिंती रचत. जळणही नव्हते, गवताचे पीळ वळून, मक्याची बुरकुंडे पेटवून चुली आणि शेगड्या चालत.

४/ शाळा अर्थातच एकशिक्षकी. एक खोली, एक शेगडी, पाच-सहा वर्षांच्या पोरापासून मिसरूड फुटलेल्या मुलापर्यंत सारे एकत्र. शिकवणारी बहुधा १८-२० वर्षांची तरुणी. घरे एकमेकांपासून मैल-मैल दूर. मधे ना झाड, ना कुंपण, ना बांध. शाळा ते घर हा रस्ता म्हणजे केवळ पायाखालची ओळख आणि डोळ्यांसमोरची खूण. हे दोन्ही नाहीसे झाले तर काय, हा प्रश्न पुढे येणार आहे.

५/ आता दुसरी बाजू पाहू. सरकारकडे हवामानाचा अंदाज होता का? होता. १८७० साली अमेरिकेच्या काँग्रेसने हे काम लष्कराच्या सिग्नल विभागाकडे सोपवले. कारण सरळ होते. शिस्त लष्कराकडे होती आणि तारायंत्रावर काम करणारी माणसेही. देशभरातील केंद्रांवर एकाच क्षणी हवेचा दाब, तापमान आणि वारा यांची नोंद होई, तारेने ती एकत्र येई आणि नकाशा आखला जाई. वादळ तारेपेक्षा हळू चालते. त्यामुळे पश्चिमेला जे आज दिसते ते पूर्वेला उद्या पोहोचेल, हे सांगता येऊ लागले.

६/ या अंदाजांना काय म्हणावे, याचाही एक छोटा इतिहास आहे आणि तो मला फार बोलका वाटतो. १८७१ मध्ये त्यांना अधिकृतपणे ‘प्रॉबॅबिलिटीज’ म्हणजे संभाव्यता म्हणत. ती तयार करणारे शास्त्रज्ञ क्लीव्हलंड ॲबी यांना लोकांनी ‘ओल्ड प्रॉबॅबिलिटीज’ असे टोपणनावच दिले. १८७६ मध्ये शब्द बदलून ‘इंडिकेशन्स’, म्हणजे संकेत, झाला. ‘फोरकास्ट’ हा ठाम शब्द यायला १८८९ उजाडले. आपली कथा घडते तेव्हा सरकार भविष्य सांगत नव्हते. फक्त संकेत देत होते.

७/ शब्दांबाबत हा विभाग इतका सावध होता की ‘टोर्नॅडो’ हा शब्द अंदाजात वापरायलाच त्याने १८८० च्या दशकात बंदी घातली. लोक घाबरतील, ही भीती. इशारा दिला आणि वादळ आले नाही तर हसे होते. दिला नाही आणि आले तर माणसे मरतात. या कात्रीतून हवामानशास्त्र आजही सुटलेले नाही.

८/ १८८८ मध्ये विभागाचे प्रमुख होते ॲडॉल्फस ग्रीली. हा माणूस थंडी म्हणजे काय हे पुस्तकातून शिकलेला नव्हता. १८८१ ते १८८४ या काळातील त्यांच्या उत्तर ध्रुवीय मोहिमेतील २५ जणांपैकी अखेर केवळ सहा वाचले, त्यांतील एक ते स्वतः. वायव्येकडील मैदानांसाठी मिनेसोटातील सेंट पॉल येथे नुकतेच स्वतंत्र कार्यालय उघडले होते. तिथे लेफ्टनंट थॉमस वुड्रफ नकाशे आखून संकेत लिहीत.

९/ बुधवार, ११ जानेवारीच्या रात्री आलेल्या तारांवरून वुड्रफ यांनी मध्यरात्रीनंतर गुरुवारचे संकेत तयार केले. त्यांचा आशय असा : डकोटात बर्फ पडेल, आधी हवा उबदार होईल, मग पश्चिम भागात थंडी वाढेल, मिनेसोटा आणि डकोटात बर्फाचे मोठे ढीग वाहून साचतील, दुपारी व रात्री वारे फिरून उत्तरेचे, जोरदार आणि थंड होतील. म्हणजे अंदाज साफ चुकला, असे म्हणता येत नाही. वाऱ्याची दिशा, बर्फ, थंडी हे सारे त्यात होते. जे येणार होते त्याची भयानकता मात्र त्यात कुठेच नव्हती.

१०/ आणि हा कागद जाई कुठे? तारेने वृत्तपत्रांना, रेल्वे कंपन्यांना, शहरांतील टपाल कचेऱ्यांना. थंडीची लाट येणार असेल तर मधोमध काळा चौकोन असलेला पांढरा झेंडा उंच इमारतीवर चढवत. मालगाडीत जनावरे भरायची की नाही, नाशवंत माल पाठवायचा की नाही, हे ठरवणाऱ्या व्यापाऱ्याला तो झेंडा उपयोगी. मैदानातील शाळेला ना तार, ना ताजे वृत्तपत्र, ना झेंडा दिसेल असे शहर. थोडक्यात, मुले या अंदाजाच्या पत्त्यावर नव्हतीच.

११/ गुरुवारची सकाळ अनेक ठिकाणी विलक्षण सुखद उगवली. त्याआधीचे काही दिवस कडाक्याचे होते. लोक घरात कोंडले गेले होते. दक्षिणेकडून ऊबदार वारा येताच सारे बाहेर पडले. शेतकरी गुरे घेऊन पाण्यावर गेले, कुणी गवत आणायला दूरच्या गंजीकडे निघाले. मुले जाड कोट न घालता, काही तर हातमोजेही न घेता, शाळेला गेली. हा उबाराच खरे तर संकटाची पूर्वखूण होता. तीव्र कमी दाबाचे क्षेत्र पुढून दक्षिणेची हवा ओढून घेत होते आणि त्याच्या पाठीमागून कॅनडातील गोठलेली हवा खाली कोसळत होती.

१२/ डकोटातील ह्यूरन येथे सिग्नल विभागाचे निरीक्षक सार्जंट सॅम्युअल ग्लेन कार्यालयाच्या छतावर होते. त्यांनी नोंदवले आहे की क्षणभर हवा पूर्ण स्तब्ध झाली. मग वायव्येकडून भिंत यावी तसे वादळ आदळले आणि ते स्वतः छतावरून फेकले जाता जाता वाचले. हिम पाकळ्यांसारखे नव्हते. चाळलेल्या पिठासारखे बारीक होते. ते पापण्यांवर गोठे, नाकातोंडात जाई. भर दिवसा डोळ्यांत बोट घातले तरी दिसेना. पुढच्या पहाटेपर्यंत पारा अनेक ठिकाणी उणे ३० अंश सेल्सियसच्या आसपास गेला.

१३/ इथे वेळेचा हिशेब महत्त्वाचा आहे. पश्चिमेकडे वादळ सकाळी लवकर पोहोचले, तेव्हा मुले घरातून निघालीच नव्हती; त्यांना सुटी आकाशानेच दिली. पूर्व डकोटात ते भरल्या वर्गावर आले. नेब्रास्कातील लिंकनला ते दुपारी तीनच्या सुमारास पोहोचले, म्हणजे अनेक शाळा सुटण्याच्या बेतात किंवा सुटलेल्या असताना. वादळ एकच, पण घड्याळातील काटा कुठे होता यावर कोण जगणार हे ठरले.

१४/ आणि मग तो निर्णय, जो आज शिक्षण अधिकारी, रस्ते विभाग आणि हवामान खाते मिळून घेतात, तो एकेका तरुण शिक्षिकेच्या पदरी पडला. मुलांना सोडायचे की थांबवायचे? सोडले तर वाटेत हरवतील. थांबवले तर जळण किती वेळ पुरेल?

१५/ मिनी फ्रीमन ही नेब्रास्कातील ऑर्डजवळच्या मातीच्या शाळेची विशीच्या आतबाहेरची शिक्षिका. वाऱ्याने शाळेचे छप्परच उडवले, तेव्हा थांबण्याचा पर्याय संपला. ती मुलांना घेऊन निघाली आणि सर्वांना जवळच्या शेतघरी सुखरूप पोहोचवले. वृत्तपत्रांनी तिला देशभर प्रसिद्ध केले, तिच्यावर गाणे छापले गेले, सोन्याचे घड्याळ आले, लग्नाच्या मागण्याही आल्या. मुलांना दोरीने एकमेकांना बांधले होते ही प्रसिद्ध गोष्ट मात्र वादग्रस्त आहे. मुलांची संख्याही गाण्यात १३, तर इतर वृत्तांतांत अधिक आहे. दोरी नसली तरी तिचे धैर्य कमी होत नाही. दंतकथेला मात्र दोरी हवीच असते.

१६/ लोईस रॉईसचे नाव त्या मानाने कमी ऐकू येते. प्लेनव्ह्यूजवळच्या तिच्या शाळेत तीन लहान मुले उरली होती : दोन मुलगे, एक मुलगी. जळण संपले. ती जिथे राहत होती ते घर शंभर मीटरही दूर नव्हते. तिने निघायचे ठरवले. चौघे वाट चुकले. रात्री उघड्यावर तिने मुलांना अंगाशी धरून ठेवले, तरी तिघेही गेले. सकाळी ती घराकडे पोहोचली; हिमदंशाने तिची पावले कापावी लागली. मिनीने जे केले, नेमके तेच लोईसने केले होते. दोघींच्या निर्णयात मला तरी फरक दिसत नाही. फरक त्या शंभर पावलांतील वाऱ्याचा होता.

१७/ हॉल्ट काउंटीतील एटा शॅटक ही तिसरी शिक्षिका, वय १९. वाट हरवल्यावर ती गवताच्या गंजीत शिरली आणि तिथेच तीन दिवस अडकून पडली. सापडली तेव्हा जिवंत होती. दोन्ही पाय कापूनही फेब्रुवारीत तिचा मृत्यू झाला. ‘ओमाहा बी’ या वृत्तपत्राने या शिक्षिकांसाठी निधी उभारला. तो हजारो लोकांनी भरला, हे खरे. या मुलींना आगाऊ सूचना कुणी का दिली नाही, हा प्रश्न विचारणारे मात्र त्या मानाने थोडे होते.

१८/ मृतांचा आकडा सर्वसाधारणपणे २३५ दिला जातो. काही अभ्यासक तो ५०० पर्यंत असावा असे मानतात. विखुरलेल्या वस्त्यांत नोंद कोण ठेवणार? सगळेच मृत विद्यार्थी नव्हते, गुरांमागे गेलेले शेतकरीही अनेक होते. तरी या वादळाला नाव पडले ते ‘शाळाघराचे वादळ’ किंवा ‘मुलांचे वादळ’. वाचलेल्यांनी पुढे म्हातारपणी मंडळ स्थापून आपल्या आठवणी गोळा केल्या आणि १९४७ साली पुस्तकरूपाने छापल्या.

१९/ दोनच महिन्यांनी, मार्च १८८८ मध्ये, न्यूयॉर्क आणि ईशान्य किनाऱ्यावर आणखी एक महाभयंकर हिमवादळ आले. तेही अंदाजात निसटले. यावेळी गाडले गेले ते व्यापार आणि वृत्तपत्रांचे शहर, त्यामुळे ओरड मोठी झाली. हवामानाचे काम लष्कराकडून काढून मुलकी हाती द्यावे, ही मागणी आधीपासून होती. १८९० मध्ये कायदा झाला आणि १ जुलै १८९१ पासून कृषी खात्याखाली ‘वेदर ब्युरो’ सुरू झाला. केवळ या दोन वादळांमुळे हा बदल झाला असे म्हणणे इतिहासाला सोपे करणे होईल. पण नव्या संस्थेच्या पत्त्यावर आता शेतकरीही आला, हे खरे.

२०/ मुले त्या पत्त्यावर आली ती त्यानंतर, आणि हळूहळू. एकशिक्षकी शाळा मिटून मोठ्या शाळा झाल्या. मुले बसने येऊ लागली. बस घसरेल का, हा प्रश्न आता शिक्षिकेचा नव्हता, जिल्ह्याच्या शिक्षण अधीक्षकाचा झाला. घराघरांत रेडिओ आला आणि पहाटे बंद शाळांची यादी वाचली जाऊ लागली. ‘स्नो डे’ खऱ्या अर्थाने जन्मला तो इथे : अंदाज, तो वाचून निर्णय घेणारा अधिकारी, आणि निर्णय घरी पोहोचवणारा आवाज, हे तिघे एकत्र आले तेव्हा. १९६५ पासून सरकारी अंदाजांत पावसा-बर्फाची शक्यता देशभर टक्क्यांत दिली जाऊ लागली. ‘ओल्ड प्रॉबॅबिलिटीज’ जणू परत आले.

२१/ यातील एक कडी जरी तुटली तरी काय होते, ते १९७८ च्या फेब्रुवारीत बोस्टनने पाहिले. अंदाज बरोबर होता. फक्त बर्फ सांगितल्यापेक्षा काही तास उशिरा सुरू झाला. पहाटे आकाश शांत पाहून लोक कामावर गेले आणि परतताना एकाच महामार्गावर तीन हजारांहून अधिक मोटारी गाडल्या गेल्या.

२२/ आणि २८ जानेवारी २०१४, अटलांटा. उजाडण्यापूर्वीच हवामान खात्याने हिमवादळाचा इशारा दिला होता. शाळा तरीही भरल्या. दुपारी बर्फ सुरू झाला तशा शाळा, कचेऱ्या, दुकाने सारी एकदम सुटली आणि रस्ते गोठून बंद पडले. बर्फ किती? सात सेंटिमीटरही नाही. त्या रात्री हजारो मुले शाळांच्या व्यायामशाळांत आणि वर्गांत झोपली, काही बसमध्येच अडकली. शिक्षक त्यांच्यासोबत थांबले. उपग्रह होते, संगणक होते, प्रत्येकाच्या खिशात फोन होता. सकाळी शाळा भरवू नका, एवढे म्हणणारे मात्र वेळेवर कुणी नव्हते. राज्यपालांनी जाहीर माफी मागितली.

२३/ दोन आठवड्यांनी अटलांटात पुन्हा हिमवादळाचा इशारा आला. यावेळी पहिला कण पडण्याआधीच शाळा बंद होत्या आणि रस्ते रिकामे.