कॉलेज बदललं, पंगत बदलली का?

कॉलेज बदलायचं म्हटलं की घरात फी, टक्केवारी आणि लोकलचा पास यांचीच चर्चा होते. तिथे आपल्या पोरासोबत डबा कोण खाणार, हे कुणी विचारत नाही. पोरगं एकटं पडलं की सगळे त्यालाच सांगतात, "जुळवून घे." हा सल्ला आम्हाला मान्य नाही. बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेचा इतिहास वेगळंच सांगतो.

मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात त्यांना प्रा. म्युलर पुस्तकं देत, पण कॉलेजातला हॉटेलवाला चहाच काय, पाणीही देत नसे. १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना हे पारशी विद्यार्थी त्यांचे सोबती झाले आणि ती मैत्री आयुष्यभर टिकली. आयुष्यातले उत्तम मित्र कोलंबियातच मिळाले, असं बाबासाहेबांनी पुढे लिहून ठेवलं. आता सांगा, या एका वर्षात काय बदललं? विद्यार्थी तोच, बुद्धी तीच, स्वभावही तोच. बदलली ती संस्था आणि तिथली वागणूक.

याचा उलटा पुरावा १९१७ चा आहे. परदेशातल्या वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत हेच विसरलो होतो, असं ते 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये सांगतात. बडोद्यात नोकरीवर रुजू झाले आणि पारशी धर्मशाळेतून लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढलं. कोलंबियाची पदवी हाती असूनही शहरात राहायला खोली मिळाली नाही.

म्हणून बाबासाहेब फक्त "शिका" म्हणून थांबले नाहीत. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापुरात वसतिगृह काढलं. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज आणि १९५० मध्ये औरंगाबादला कॉलेज, म्हणजेच आजचं मिलिंद, उभं राहिलं. गावाबाहेर ठेवलेली पोरं तिथे एका पंगतीला बसली, एकमेकांचं लिहिलेलं वाचू लागली. मिलिंदमध्ये शिकवणाऱ्या गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' चालवलं. १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली, तेव्हा वडाळ्याचं सिद्धार्थ विहार वसतिगृह कार्यकर्त्यांचा अड्डा होतं. खोलीतल्या दोस्तीतून चळवळ उभी राहते, ती अशी.

आम्ही करावे गावातून लिहितो. सीवूड्स-दारावेहून हार्बरची लोकल थेट वडाळ्याला जाते, पण तो इतिहास आमच्या किती पोरांना माहीत आहे? आमच्याच भागात नेरूळ, बेलापूर, वाशीच्या कॉलेजांत दरवर्षी बाहेरगावची मुलं दाखला घेऊन येतात. दाखल्यावर जात लिहिलेली असते. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी आडनाव विचारतं, मग मार्क, मग "कोट्यातून का?" तिथून पोरगं कँटीनला जाणं सोडतं, नोट्स मागणं सोडतं, शेवटी वर्गच सोडतं.

अशा वेळी त्याला धीट हो म्हणून सांगणं म्हणजे हॉटेलवाल्याला मोकळं सोडून तहानलेल्याला दोष देणं. जबाबदारी आधी कॉलेजची आहे. तिथल्या समान संधी कक्षाचं दार आपण ठोठावलं पाहिजे, लेखी तक्रार दिली पाहिजे. आणि आपलीही जबाबदारी आहे. प्रवेशाच्या दिवसांत दोन सीनियर गेटवर उभे राहा. शिष्यवृत्तीचा अर्ज सोबत बसून भरा. पहिला महिना नव्या पोराला एकट्याने डबा खाऊ देऊ नका. जयंतीला डीजे लावणाऱ्या मंडळांना एवढं नक्कीच जमेल.

'संघटित व्हा' याची सुरुवात कॉलेजच्या कँटीनमधूनही होते.

जय भीम!