विमा मुलाचा नव्हे, जबाबदारीचा

माझ्या परिचयाच्या एका बाईंनीं आपल्या राहत्या घराच्या तळमजल्यावर पाळणाघर काढण्याचें ठरविलें. जागा झाली, पाळणे आले, मदतीस एक मावशीहि मिळाल्या. आणि मग एके दिवशीं विमा-कंपनीचा प्रतिनिधि छापील कागदांचा जुडगा त्यांच्यापुढें ठेवून गेला. आगीचा विमा, चोरीचा विमा, मुलांच्या अपघाताचा विमा, नोकरांचा विमा, सार्वजनिक जबाबदारीचा विमा, अशी ती लांबलचक यादी होती. बाईंनीं मला विचारलें, "यांतला कोणता घेऊं? सगळेच घेतले तर पहिल्या वर्षाची मिळकत हप्त्यांतच जाईल. आणि एकहि घेतला नाहीं, तर रात्रीं झोंप लागणार नाहीं." प्रश्न निव्वळ व्यवहाराचा होता. परंतु त्याचें उत्तर शोधतांना मला इतिहासाकडे वळावें लागलें. कारण विमापत्रांतील रुक्ष कलमांच्या मागें बहुधा कोणाची तरी खरीखुरी आपत्ति उभी असते. तीच हकीकत आज आपणांपुढें मांडावयाची आहे.

दुसऱ्याचें मूल पैसे घेऊन सांभाळणें हा व्यवसाय फार जुना. पण विम्याशीं त्याची पहिली गांठ पडली ती मोठ्या अमंगळ रीतीनें. अठराव्या शतकांत इंग्लंडमध्यें वाटेल त्यानें वाटेल त्याच्या जिवाचा विमा उतरवावा असा प्रकार चाले. एखादी बडी असामी आजारी पडली कीं ती जगते कीं मरते यावर विमापत्रांच्या रूपानें पैजा लागत. या जुगारास आळा घालण्यासाठीं १७७४ सालीं पार्लमेंटनें कायदा केला, कीं ज्याच्या जीविताशीं आपला हितसंबंध नाहीं, त्याच्या जिवाचा विमा आपणांस उतरवितां येणार नाहीं. तत्त्व उत्तम होतें. परंतु पैसे घेऊन मूल सांभाळणाऱ्या बाईचा त्या मुलाच्या जीविताशीं विम्यापुरता हितसंबंध आहे कीं नाहीं, याचा निर्णय त्या कायद्यांत नव्हता.

हा प्रश्न एकोणिसाव्या शतकांत उग्र रूपानें पुढें आला. घरकामाच्या नोकऱ्या करणाऱ्या अनेक अविवाहित मातांस आपलें मूल जवळ ठेवतां येत नसे. अशीं मुलें आठवड्याच्या पैशांवर, किंवा एकदांच कांहीं रक्कम घेऊन, सांभाळणाऱ्या बाया निघाल्या. त्यांतल्या कित्येक प्रामाणिक होत्या. पण एकरकमी पैसे घेतल्यावर मूल जितकें लवकर मरेल तितका नफा अधिक, हा हिशेब कांहींजणींनीं केला. अशाच व्यवहारांतून मार्गारेट वॉटर्स नांवाच्या बाईस १८७० सालीं फांशीं देण्यांत आलें. लोकमत खवळलें, आणि १८७२ सालीं अर्भकांच्या जीवितरक्षणाचा कायदा झाला. एक वर्षाच्या आंतील एकाहून अधिक मुलें मोबदला घेऊन सांभाळणारानें आपली नोंदणी केली पाहिजे, असें त्यानें ठरविलें. तरीहि १८९६ सालीं अमेलिया डायर हिला याच अपराधासाठीं फांशीं जावें लागलें.

याच काळांत गोरगरिबांच्या मुलांच्या अंत्यविधीचा खर्च भागावा म्हणून लहान लहान रकमांचे विमे काढण्याची चाल पडली होती. मूळ हेतु दयेचा. पण ज्या मुलाच्या मरणानें सांभाळणारणीच्या हातीं चार नाणीं पडतात, त्या मुलाला औषध वेळेवर मिळेल काय, अशी शंका विचारी माणसांस येऊं लागली. अखेर १९०८ च्या बालकांविषयींच्या कायद्यानें स्पष्ट सांगितलें, कीं मोबदला घेऊन मूल सांभाळणाराचा त्या मुलाच्या जीविताशीं १७७४ च्या कायद्याच्या अर्थानें कांहींहि हितसंबंध मानला जाणार नाहीं. म्हणजे त्याच्या जिवाचा विमा त्याला उतरवितां येणार नाहीं.

हा पहिला धडा. पाळणाघराच्या चालकानें मुलाच्या जिवावर स्वतःसाठीं पैसा मिळण्याची तजवीज कधींहि करूं नये. मुलांच्या अपघाताचा सामुदायिक विमा घ्यावयाचा झाल्यास त्याची रक्कम मुलाच्या उपचारासाठीं आणि त्याच्या आईबापांकडेच जावी, अशी भाषा विमापत्रांत आहे कीं नाहीं, हें प्रथम पाहावें.

मग चालकानें विमा उतरवावा तो कशाचा? उत्तर असें, कीं आपल्या जबाबदारीचा. ही दुसरी कल्पना वेगळ्याच वाटेनें आली. १८४४ सालीं पॅरिसमध्यें फिर्मीन मार्बो या गृहस्थानें कामकरी स्त्रियांच्या मुलांसाठीं पहिलें पाळणाघर उघडलें. तेथें हेतु नफ्याचा नव्हता. अशा ठिकाणीं भय दुष्टपणाचें नसतें, अनवधानाचें असतें. आणि अनवधानाची किंमत मोजावी लागते हें इंग्रजी न्यायालयांनीं त्याच सुमारास ठरवीत आणलें होतें. १८४१ च्या एका खटल्यांत, रस्त्यावर राखणीवांचून सोडलेल्या घोडागाडीवर एक सात वर्षांचा मुलगा चढला. दुसऱ्या मुलानें घोडा पुढें नेला आणि पहिला पडून जखमी झाला. मुलाचीच खोडी होती, हा बचाव न्यायालयानें मानला नाहीं. मुलें खोड्या करणारच; तें जाणून वागणें हें मोठ्यांचें काम, असा त्या निकालाचा आशय होता. पुढें १८८० सालीं कामगारांच्या दुखापतीबद्दल मालकांस जबाबदार धरणारा कायदा झाला, आणि त्याच वर्षीं त्या जबाबदारीचा विमा उतरविणारी कंपनी लंडनमध्यें निघाली. मालमत्तेचा विमा जुना होता, जिवाचा होता. आतां दुसऱ्यास द्याव्या लागणाऱ्या भरपाईचाहि विमा मिळूं लागला. आपल्या देशांत कामगारांस नुकसानभरपाई देण्याचा कायदा १९२३ सालीं झाला. पाळणाघरांतील मावशी ओल्या फरशीवर घसरून पडल्या, तर तो प्रश्न या शाखेंत येतो. मुलांसाठीं घेतलेलें विमापत्र तेथें उपयोगी पडेलच असें नाहीं.

आतां ज्या खटल्यानें ही जबाबदारी किती दूरवर पोंचते तें दाखविलें, तो थोडा विस्तारानें सांगतों. वेल्समधील कार्मार्थनशायर परगण्याच्या एका बालशाळेंत एक शिक्षिका दोन मुलांस फिरावयास नेण्याच्या तयारींत होती. त्यांतील एक चार वर्षांचाहि नव्हता. ती क्षणभर बाहेर गेली असतां तिला तिसरें एक मूल पडून जखमी झालेलें दिसलें. तिनें त्याची जखम धुतली, पट्टी बांधली. यांत दहाएक मिनिटें गेलीं. तेवढ्यांत तो लहानगा वर्गांतून निघाला, अंगण ओलांडून फाटकांतून रस्त्यावर आला. समोरून मालमोटार येत होती. मुलाला वांचविण्यासाठीं चालकानें ती एकदम वळविली; ती तारेच्या खांबावर आदळली आणि चालक मरण पावला. मुलाला इजा झाली नाहीं. चालकाच्या विधवेनें दावा लावला, आणि तो लॉर्डसभेपर्यंत गेला.

१९५५ सालीं निकाल लागला. शिक्षिकेचा दोष नाहीं, असें लॉर्डसभेनें ठरविलें. रक्त आलेल्या मुलाकडे धांवून जाणें हें कोणतीहि समंजस स्त्री करील. परंतु इतकें लहान मूल सहज रस्त्यावर येऊं शकलें याचें समाधानकारक उत्तर शाळा चालविणाऱ्या संस्थेपाशीं नव्हतें. फाटक उघडें असावें, किंवा मुलाच्या हातानें उघडेल असें असावें. म्हणून संस्था जबाबदार ठरली.

श्रोतेहो, या निकालांत पाळणाघराच्या विम्याचें सारें सार आहे. नुकसान झालें तें शाळेच्या मुलाचें नव्हे, वाटेनें जाणाऱ्या परक्या माणसाचें. दोष कोणा नोकराच्या वर्तनाचा नव्हता, व्यवस्थेचा होता. आणि सारें घडलें तें शाळेच्या आवाराबाहेर. ज्या विमापत्रांत केवळ आवारांत मुलांना होणाऱ्या इजांचा उल्लेख आहे, तें या प्रसंगीं निरुपयोगी ठरलें असतें. म्हणून विमापत्र वाचतांना तीन गोष्टी विचाराव्या: कोणाला झालेली इजा यांत येते, कोणाच्या चुकीमुळें झालेली येते, आणि कोठें झालेली येते?

चौथा प्रश्न अमेरिकेनें शिकविला: दावा केव्हां आला? १९८३ सालीं कॅलिफोर्नियांतील एका बालशाळेच्या चालकांवर मुलांशीं अत्यंत गलिच्छ वर्तन केल्याचे आरोप आले. खटला वर्षानुवर्षें चालला आणि १९९० सालीं कोणासहि शिक्षा न होतां संपला. पण मधल्या काळांत देशभर भीति पसरली होती. त्याच सुमारास एकंदर जबाबदारीच्या विम्याचा धंदाहि अडचणींत होता. व्याजाचे दर चढे असतांना कंपन्यांनीं हप्ते स्वस्त ठेवले होते. दर उतरले तसा तोटा उघडा पडला. या दोहोंचा मार पाळणाघरांवर बसला. ज्यांच्यावर कधीं दावा झाला नव्हता त्यांचींहि विमापत्रें रद्द झालीं, कित्येकांचे हप्ते अनेक पटींनीं वाढले, आणि १९८५ च्या जुलै महिन्यांत अमेरिकन काँग्रेसच्या एका समितीस केवळ या संकटाविषयीं साक्षी घ्याव्या लागल्या. पुढच्या वर्षीं, एकाच व्यवसायांतील लोकांनीं एकत्र येऊन आपल्या जबाबदारीच्या विम्याची सोय आपणच करावी, अशी मुभा देणारा कायदा झाला.

पण त्याच काळांत कंपन्यांनीं विमापत्रांचा एक नवा प्रकार रूढ केला. जुन्या प्रकारांत अपघात ज्या वर्षीं घडला त्या वर्षींचें विमापत्र भरपाई देई, मग दावा कधींहि येवो. नव्या प्रकारांत दावा ज्या वर्षीं दाखल होतो, त्या वर्षीं विमा चालू असावा लागतो. पाळणाघरासारख्या धंद्यांत हा भेद जीवघेणा आहे. आपल्या १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणें अज्ञान मुलाला सज्ञान झाल्यानंतरहि ठराविक काळ दावा करण्याचा हक्क राहतो. दोन वर्षांचें मूल आज पडलें तर त्याचा दावा पंधरा-सोळा वर्षांनीं उभा राहूं शकतो. तोंवर पाळणाघर बंद झालें असेल, विमा संपला असेल. म्हणून शक्य असेल तेथें जुना प्रकार घ्यावा; नव्याच प्रकारावर भागवावें लागलें, तर विमा थांबविल्यानंतर येणाऱ्या दाव्यांसाठीं वाढीव मुदत मिळेल कीं नाहीं तें लेखी विचारावें. आणि जुनीं विमापत्रें रद्दींत घालूं नयेत.

आपल्याकडील इतिहास निराळ्या दुःखाचा आहे. मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या कित्येक आया मूल दिवसभर गप्प निजावें म्हणून त्याला अफूची बाळागोळी देत. निष्काळजीपणा म्हणावा तर त्यांच्यापुढें दुसरी वाटच नव्हती. १९२९ सालीं मुंबई प्रांतांत प्रसूतिकालीन साहाय्याचा कायदा झाला. १९३४ च्या कारखान्यांच्या कायद्यानें पन्नासांहून अधिक स्त्रिया असतील तेथें मुलांसाठीं खोली ठेवावयास लावण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला. आणि १९४८ च्या कायद्यानें अशी खोली बंधनकारक झाली. २०१७ च्या दुरुस्तीनें पन्नास किंवा अधिक नोकर असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची सोय करण्याचें बंधन घातलें. पाळणाघर अशा रीतीनें परोपकाराच्या प्रांतांतून कर्तव्याच्या प्रांतांत आलें.

एका गैरसमजाविषयीं येथें सावध केलें पाहिजे. भोपाळच्या १९८४ च्या वायुदुर्घटनेनंतर १९९१ सालीं सार्वजनिक जबाबदारीच्या विम्याचा कायदा झाला. त्याचें नांव ऐकून कित्येकांस वाटतें, कीं तो सर्वांना लागू आहे. तो घातक द्रव्यें हाताळणाऱ्यांसाठीं आहे. पाळणाघरवाल्यानें विमा उतरवावयाचा तो आपल्या समजुतीनें, आणि विमापत्राच्या भाषेकडे पाहून. केवळ नांवाकडे पाहून नव्हे.

आणि आगीचा विमा? १६ जुलै २००४ रोजीं तामिळनाडूंतील कुंभकोणम् येथें शाळेच्या स्वयंपाकघरांतील आग गवती छपरास लागली आणि ९४ मुलें प्राणास मुकलीं. आगीचा विमा भिंतींचे व छपराचे पैसे देतो. त्याहून अधिक तो कांहीं देऊं शकत नाहीं. स्वयंपाकघर मुलांपासून दूर असणें आणि बाहेर पडावयास दुसरें दार असणें, ही सोय कोणत्याहि कंपनीजवळ विकत मिळत नाहीं.

त्या बाईंस मीं शेवटीं एवढेंच सांगितलें, कीं कमी पैशांत निवड करावयाची तर आधीं जबाबदारीचा विमा घ्या. त्यांत परका मनुष्य, आवाराबाहेरील प्रसंग आणि तुम्हीं दिलेलें अन्न हीं तिन्ही येतात का तें पाहा, आणि एका प्रसंगास किती व सबंध वर्षास किती, या दोन्ही मर्यादा विचारा. दुसरा मावशींचा. मुलांच्या अपघाताचा घ्याल तो आईबापांच्या हितासाठीं घ्या. आग आणि चोरी यांचा मागाहून. कारण पाळणे जळाले तर नवे घेतां येतात.

त्यांनीं कागद दुमडून ठेवले आणि उठून अंगणाच्या फाटकाकडे गेल्या. कडी खालच्या बाजूस होती. तीन वर्षांच्या मुलाचा हात पोंचेल इतकी खालीं. दुसऱ्या दिवशीं सुतार आला आणि कडी वर गेली. विम्याचा अर्ज त्यांनीं त्यानंतर भरला.