परतीची वाट अडवणारे : कबड्डीतील बचावाची गोष्ट

कबड्डीचा इतिहास सांगताना चढाईपटूंची नावे चटकन ओठांवर येतात. त्यांना रोखणारे हात बहुधा निनावीच राहतात. वास्तविक या खेळाला आजचा आकार दिला तो बचावाने.

बर्फावरील हॉकीत किंवा फुटबॉलमध्ये बचावपटू प्रतिस्पर्धी आणि आपला गोल यांच्या मध्ये उभा राहतो. शत्रूला आत येऊ द्यायचे नसते. कबड्डीत सारेच उलट. चढाई करणारा आत येणारच, किंबहुना निदान रेषा ओलांडणे त्याला बंधनकारकच आहे. त्याने माघारी जाऊ नये, एवढेच पाहायचे. येथे राखायचा असतो तो मध्यरेषेकडे जाणारा रस्ता.

म्हणूनच या खेळाचा उगम अभिमन्यूच्या चक्रव्यूहात शोधण्याचा मोह अनेकांना होतो. साम्य मनोहर आहे, पण त्याला पुरावा म्हणता येत नाही.

पुराव्याचा इतिहास नियमांत आहे. महाराष्ट्रातील हुतुतूचे तीन प्रकार प्रसिद्ध होते. ‘अमर’मध्ये बाद झालेला गडीही मैदान सोडत नसे. ‘गामिनी’त बाद झालेला लोण चढेपर्यंत बाहेरच बसे. ‘संजीवनी’त प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की आपला एक परत येई. १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला आणि पुढे स्थिरावलेला खेळ संजीवनीच्या वळणाचा राहिला. ही निवड दिसते त्याहून मोठी होती. अमरमध्ये बचावाची संख्या कायम राहते. संजीवनीत ती सात, पाच, तीन अशी घटते, पुन्हा वाढते आणि प्रत्येक वेळी रचना नव्याने मांडावी लागते. तीन किंवा त्याहून कमी गड्यांनी केलेल्या ‘अव्वल पकडी’ला आज जादा गुण मिळतो, त्याचे मूळ इथेच आहे.

सात जण असताना बचाव अर्धवर्तुळात उभा राहतो. दोन टोकांना कोपरारक्षक. शेजारचे गडी हातात हात गुंफून साखळी करतात. कोपरारक्षक घोटा किंवा मांडी धरतो. पण निर्णायक काम असते मध्यरक्षकाचे, ज्याला मैदानावर सर्रास ‘कव्हर’ म्हणतात. चढाईपटू कोपऱ्याकडे वळला की तो हळूच त्याच्या आणि मध्यरेषेच्या मध्ये सरकतो. क्षणभर लवकर झेपावला तर फुकटचा गुण जातो. उशीर झाला तर कोपऱ्याने धरलेला गडीही निसटतो आणि स्पर्श झालेले सगळेच बाद होतात. गुणपत्रिकेत पकड एकाच्या नावावर लागते, हा त्यातला अन्याय.

हे शास्त्र ग्रंथांतून फारसे शिकवले गेले नाही. रत्नागिरी जिल्ह्यात ते गावोगावच्या मंडळांनी मातीच्या मैदानांवर जपले. येथील माणूस गिरणीकामासाठी मुंबईला गेला तेव्हा खेळही लालबाग-परळच्या चाळींत पोहोचला. मातीवर पाय घसरतो, त्यामुळे पकड एकट्याच्या भरवशावर करणे धोक्याचे असते. साखळीची शिस्त त्यातून आली असावी. मॅटवर बुटांची पकड घट्ट बसते, खेळ वेगवान होतो आणि एकट्याने झेप घेण्याचे धाडस वाढते. याच जिल्ह्याचा शुभम शिंदे प्रो कबड्डीत उजवा कोपरा सांभाळतो.

बचाव दुय्यम मानण्याची किंमत मोठी असते. कबड्डी १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत आली आणि तेव्हापासून पुरुषांचे प्रत्येक सुवर्ण भारताचे होते. २०१८ मध्ये जकार्ताला उपांत्य फेरीत इराणने भारताला २७-१८ असे हरवले. नामांकित चढाईपटूंचा संघ अवघ्या अठरा गुणांवर अडला. इराणच्या त्या बचावात डाव्या कोपऱ्यावर फजल अत्राचली होता. प्रो कबड्डीत तो २०१५ मध्ये आला, तो मुंबईच्या संघाकडून.