मोऱ्याची लाँच आणि तेरा मिलिसेकंद

परवा जुन्या सीड्या चाळताना मी कधीकाळी केलेली लाँच सापडली. भाऊच्या धक्क्यावरून सुटून उरणला मोरा बंदरात लागणारी, फ्लॅशमधली. उघडली नाहीच. अॅडोबीने 31 डिसेंबर 2020 ला फ्लॅश प्लेअरला रामराम केला आणि 12 जानेवारी 2021 पासून त्यात काही चालूच नये अशी सोय केली.

खरं तर तेव्हा मला वाटायचं, आपण जावास्क्रिप्ट लिहितोय! 2005 च्या फ्लॅश 8 पासून जावास्क्रिप्टमधून फ्लॅशला हाका मारता येऊ लागल्या होत्या. 'लाँच सोड', 'लाँच थांबव' अशी माझी दोन फंक्शनं. पण ती नुसती वेष्टणं, काम आतला प्लेअर करायचा. जेएनपीटीचे कंटेनर बघत वाढलेल्या माणसाला, बाहेरून सगळे खोके सारखेच दिसतात, एवढं तरी कळायला हवं होतं.

त्याच सीडीतली जेक्वेरीवरची लाँच मात्र अजून चालते, अडखळत. जॉन रेसिगची जेक्वेरी 2006 ची. ती दर 13 मिलिसेकंदांनी चित्र थोडं सरकवायची. पडदा मात्र सेकंदाला साधारण 60 वेळा, म्हणजे सोळा-सतरा मिलिसेकंदांनी रंगतो. दोन ठेके जुळणार कसे? पुढे ब्राउझरच 'आता रंगवतोय' असं सांगू लागला. जेक्वेरी 1.6 ने (2011) ती सोय घेतली आणि 1.6.3 मध्ये काढून टाकली. कारण मजेशीर आहे: टॅब मागे गेला की ब्राउझर हाक देणं थांबवतो, तोवर हालचाली साचत राहतात आणि परत आलं की सगळ्या एकदम धावत सुटतात. 2016 च्या 3.0 मध्ये ती सोय परत आली.

जॅक डॉयलची जीसॅप याहून शहाणी निघाली. जन्म फ्लॅशच्या अॅक्शनस्क्रिप्टमधला, पण 2012 मध्ये ती जावास्क्रिप्टमध्ये आली तेव्हा फ्लॅशला मागे सोडूनच. म्हणून फ्लॅश गेलं तरी ती टिकली. (मला तेव्हा हे सुचलं नाही, याचा थोडा हेवा वाटतो.)

आता ब्राउझरमध्येच अॅनिमेट आहे: क्रोममध्ये 2014, फायरफॉक्समध्ये 2016, सफारीत 2020 पासून. नुसतं सरकवणं किंवा पुसट करणं असेल, तर बाकीचं जावास्क्रिप्ट दुसऱ्या कामात अडकलं तरी हालचाल थांबत नाही.

जानेवारी 2024 मध्ये उरणला लोकल आली, आणि मी लाँच तिसऱ्यांदा लिहायला बसलो! या वेळी बारा ओळींत झाली. ओहोटीला गाळामुळे ती मोऱ्याला लागत नाही, तेवढं घालायचं राहिलंय.