बंधारा बांधला कोणी, पाणी मिळाले कोणाला? निसर्ग सावरणाऱ्या अर्थव्यवस्थेत भूमिहीनांचा वाटा

शाश्वत विकास, हरित अर्थव्यवस्था हे शब्द आता सरकारी अहवालांपासून कंपन्यांच्या जाहिरातींपर्यंत सगळीकडे दिसतात. आंबेडकरी चळवळीतल्या तरुणांना मात्र हा विषय परका वाटतो. झाडे, डोंगर आणि नद्या ही पोट भरलेल्यांची काळजी, असे शिबिरांमध्ये अनेकदा ऐकू येते. आम्हाला हे पटत नाही. माळरान उजाड झाले की सरपण, चारा आणि मजुरी एकाच वेळी जाते आणि ज्यांच्या नावावर सातबारा नाही त्यांचे आधी जाते. पण दुसरी बाजूही आहे, तिच्याबद्दल फार कमी बोलले जाते. तेच माळरान पुन्हा हिरवे झाले, विहिरींना पाणी आले, तर त्याची कमाई कोणाकडे जाते?

दीघनिकायातल्या कूटदंत सुत्तात राजा महाविजिताची गोष्ट येते. राज्यात चोऱ्या-लुटालूट वाढलेली असताना त्याला मोठा यज्ञ करायचा असतो. त्याचा पुरोहित सांगतो की शिक्षा वाढवून हे थांबणार नाही. शेती करणाऱ्याला बी-बियाणे द्या, व्यापार करणाऱ्याला भांडवल द्या, चाकरी करणाऱ्याला वेतन द्या. पुढे जो यज्ञ होतो त्यात पशू मारले जात नाहीत, खांबांसाठी झाडे तोडली जात नाहीत आणि राबणाऱ्यांना धाक दाखवून राबवले जात नाही. झाडे, जनावरे आणि मजूर यांची कणव एकाच ठिकाणी, एकाच दमात आलेली आहे. आपण मात्र त्यांचे वेगवेगळे विभाग करून ठेवले.

बाबासाहेबांनी १९१८ मध्ये भारतातल्या लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. तुकडे लहान आहेत एवढाच हा प्रश्न नसून शेतीत भांडवल अपुरे आणि तिच्यावर रिकाम्या हातांचा भार जास्त, हे त्यांनी त्यात दाखवले. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये ते पुढे गेले: शेती हा राज्याचा उद्योग असावा, जमीन जात-धर्म न पाहता गावकऱ्यांना कसायला द्यावी, म्हणजे जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर हे तिन्ही वर्ग उरणार नाहीत. तसे झाले नाही. जमीन जुन्याच हातात राहिली आणि पुढची प्रत्येक योजना त्याच रचनेवर उभी राहिली.

१९७२ चा दुष्काळ आठवा. रोजगार हमीवर लाखो माणसांनी खडी फोडली, पाझर तलाव खोदले, नालाबांध घातले. या मजुरांत भूमिहीनांचा, त्यातही दलित-आदिवासी स्त्रियांचा भरणा मोठा होता. तलाव भरला तेव्हा पाणी मुरले ते खालच्या बागायतदाराच्या विहिरीत. आपल्याकडे जमिनीखालचे पाणी हे वरच्या जमिनीच्या मालकाचे, ही समजूत १८८२ च्या इंग्रजी काळातल्या सुविधाधिकार कायद्यापासून घट्ट बसलेली आहे. म्हणजे पाणी मुरवण्याचे श्रम सगळ्यांचे आणि उपसण्याचा हक्क ज्याच्याकडे जमीन त्याचा. मजुराला हजेरीचे पैसे मिळाले, ते त्या दुष्काळात लाखमोलाचे होते, हे नाकारायचे कारण नाही. पण तयार झालेल्या संपत्तीत त्याचा हिस्सा नव्हता.

ही गाठ ओळखून वेगळी रचना करणारा एक प्रयोग त्याच दुष्काळातून पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यात उभा राहिला. विलासराव साळुंखे हे पुण्याचे अभियंते-उद्योजक. त्यांनी नायगावला देवस्थानची ४० एकर पडीक जमीन दीर्घ मुदतीच्या भाड्याने घेतली आणि माती-पाणी अडवून ती पिकती केली. १९७४ मध्ये ग्राम गौरव प्रतिष्ठान स्थापन झाले आणि त्यातून पाणी पंचायत पुढे आली. तिचे नियम आजही प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावेत असे आहेत. पाण्याचा वाटा जमिनीवर नाही, कुटुंबातल्या माणसांवर ठरतो: माणशी अर्धा एकर भिजेल इतके पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांसाठी. मग जमीन पन्नास एकर का असेना. जमीन विकली तर पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही, तो गटाकडे परत येतो. उसासारखी बारमाही पाणी पिणारी पिके घ्यायची नाहीत. योजना एकट्यादुकट्याची नाही, गटाची, आणि खर्चातला २० टक्के वाटा सभासदांनी उचलायचा. आणि आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो नियम: भूमिहीनालाही पाण्याचा हक्क आहे. आपल्या वाट्याचे पाणी घेऊन तो दुसऱ्याची जमीन वाट्याने करू शकतो. एरवी वाटेकरी हात जोडून उभा असतो. इथे तो स्वतःचे पाणी घेऊन बोलणी करायला बसतो.

उसाचा नियम आणि भूमिहीनाचा नियम वेगळे काढता येत नाहीत. उसाला मोकळीक दिली की दोन-चार शेतांत सगळे पाणी संपते आणि माणशी वाटा कागदावर राहतो. निसर्गाची मर्यादा पाळली म्हणून वाटप शक्य झाले आणि वाटप ठरलेले होते म्हणून मर्यादा पाळण्यात सगळ्यांचा स्वार्थ होता. महाडला १९२७ मध्ये पाण्याला हात लावण्याचा हक्क मागितला गेला. पाण्याच्या मोजलेल्या वाट्याचा हक्क ही त्याच्या पुढची पायरी म्हणता येईल.

प्रयोगाला मर्यादा होत्या. काही योजना पुढे बंद पडल्या. राज्याने हे तत्त्व स्वीकारले नाही ते नाहीच; २००५ च्या सिंचन व्यवस्थापन कायद्यात पाणी वापर संस्थेचा सभासद जमीनधारकच आहे. हरियाणातल्या सुखोमाजरीतही सत्तरच्या दशकात भूमिहीनांसह प्रत्येक कुटुंबाला पाण्यात सारखा वाटा दिला गेला आणि म्हणूनच डोंगरावरची चराई लोकांनी आपण होऊन थांबवली. आपल्याकडच्या ‘आदर्श गावां’त चराईबंदी, कुऱ्हाडबंदीचा खूप गौरव होतो. शेळ्या कोणाच्या होत्या आणि बंदीच्या बदल्यात त्यांना काय मिळाले, हे विचारायची पद्धत नाही.

शेळ्यांवरून विषय गायरानाकडे येतो. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. मराठवाड्यात अनेक कुटुंबांनी खडकाळ गायराने स्वतःच्या हाताने दगड वेचून पिकवली, त्यासाठी मारही खाल्ला. पडीक जमीन सावरण्याचे हे काम कोणत्याही पर्यावरण पुरस्काराच्या यादीत येत नाही. त्याची नोंद ‘अतिक्रमण’ म्हणून होते. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीन दलित-आदिवासींची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले, तरी असंख्य दावे तहसीलमध्येच पडून राहिले. सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग प्रकरणात २८ जानेवारी २०११ रोजी सार्वजनिक जमिनी मोकळ्या करण्याचा आदेश दिला. शासकीय अधिसूचनेनुसार भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनींचा अपवाद त्याच निकालात आहे. नोटिसा काढताना तो सहसा कोणाला आठवत नाही.

सामूहिक मालकीचा रस्ता गडचिरोलीत दिसतो. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ पासून ग्रामसभा स्वतः बांबू विकू लागली. किती तोडायचा, किती ठेवायचा आणि मजुरी किती, हे गावच ठरवते. २०१३ मध्ये गावकऱ्यांनी आपली खासगी शेतजमीनही ग्रामदान कायद्याखाली ग्रामसभेच्या नावे करायचे ठरवले. विदर्भातल्या बौद्ध कुटुंबांना मात्र वनहक्क कायद्यात वेगळी अडचण येते. ते ‘इतर पारंपरिक वननिवासी’ ठरतात आणि १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास त्यांना दाखवावा लागतो. ज्यांच्या आजोबांची नोंद सावकाराच्या वहीखेरीज कुठेच नव्हती, त्यांनी कागद आणायचा कुठून? नियमांनुसार वडीलधाऱ्यांचे लेखी जबाबही पुरावा म्हणून चालतात, आणि दाव्याला किमान दोन पुरावे लागतात. नुसते कागद नाहीत म्हणून दावा परत आला तर अपील करावे.

सीमेपलीकडे तेलंगणात, जहीराबाद परिसरात, डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या दलित स्त्रियांच्या संघांनी नव्वदच्या दशकात पडीक जमिनी ज्वारी-बाजरीसारख्या भरडधान्याखाली आणल्या आणि त्या धान्यातून गावाचेच रेशन चालवले. तिथे कोणाला किती धान्य, हे ठरवणाऱ्या बायका कालपर्यंत दुसऱ्याच्या शेतात मजूर होत्या.

आपल्या गावात काम सुरू करायचे असेल तर सुरुवात तलाठ्याकडच्या गाव नमुना १-ई पासून करावी. सरकारी जमिनीवरच्या अतिक्रमणांची ती नोंदवही आहे. आपल्या वस्तीतल्या कोणाचे नाव कोणत्या वर्षापासून आहे, हे तिथे कळते. प्रत मागावी, जुन्या दंडाच्या पावत्या जपाव्यात. आणि गावात पाणलोटाचे किंवा वृक्षलागवडीचे काम मंजूर होत असेल, तर ग्रामसभेत ठराव घालताना पाणी, चारा आणि झाडांच्या उत्पन्नात भूमिहीनांचा वाटा किती, ही ओळ काम सुरू होण्याआधी लिहून घ्यावी. बंधारा भरल्यावर ती ओळ कोणी लिहू देत नाही.