बातु आरांगचा कोळसा आणि मधला माणूस

मलय भाषेत बुकित म्हणजे टेकडी आणि बातोक म्हणजे खोकला. इथल्या ग्रॅनाइटच्या खाणींत सुरुंग उडायचे, तेव्हा टेकडी खोकल्यासारखी वाटायची, म्हणून हे बुकित बातोक, अशी एक व्युत्पत्ती सांगतात. त्या खाणींची आता तळी झाली आहेत. भारतातून पाहुणे आले की आपण त्यांना 'लिटिल ग्वेलिन'ला नेतो, फोटो काढतो आणि परत येतो. तो दगड कुणी फोडला हा प्रश्न काही आपल्याला पडत नाही.

याच भागाच्या पूर्वेला, हिलव्ह्यूच्या बाजूनं, 'रेल कॉरिडॉर'ची पायवाट जाते. सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींना ती चांगलीच माहीत असेल. ३० जून २०११ पर्यंत तिथून मलेशियाची रेल्वे धावत होती. ही लाइन १९०३ सालची. वाफेच्या इंजिनांच्या काळात मलायातल्या रेल्वेचा बराचसा कोळसा एकाच गावातून यायचा. ते गाव म्हणजे क्वालालंपूरच्या वायव्येला असलेलं बातु आरांग. बातु म्हणजे दगड आणि आरांग म्हणजे कोळसा. आज सांगायची आहे ती या गावाची गोष्ट.

तिथे १९०८ साली कोळसा सापडला, १९१३ साली 'मलायन कोलिअरीज' ही कंपनी निघाली आणि १९६० साली खाण बंद पडली. मधल्या काळात रेल्वे, वीजकेंद्रं आणि कथलाच्या खाणी या कोळशावर चालल्या. म्हणजे बातु आरांग थांबलं की मलाया थांबणार! ही गोष्ट सरकारला ठाऊक होती आणि कामगारांनाही.

कामगार पाच-सहा हजार. बहुतेक चिनी, थोडे भारतीय आणि मलय. यातले बरेचसे कंपनीचे नोकर नव्हतेच, ते होते कंत्राटदाराची माणसं. कंत्राटदारानं माणसं आणायची, 'कोंगसी' नावाच्या सामाईक चाळवजा घरात ठेवायची आणि पगारही त्याच्याच हातून. कंपनी टनाचे पैसे मोजणार, मधे किती गळतात ते तिनं बघायचं नाही.

हे वाचून आपल्या मुंबईच्या जुन्या लोकांना गिरणीतला जॉबर आठवेल. नोकरी लावणारा तोच, काढणारा तोच आणि दस्तुरी खाणाराही तोच. १९२८ सालचा गिरणी कामगारांचा सहा महिन्यांचा संप आणि त्यातून उभी राहिलेली लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन हा आपल्याकडचा याच काळातला इतिहास. मात्र एक मोठा फरक होता. संप लांबला की परळ-लालबागचा कामगार कोकणात किंवा घाटावर आपल्या गावी जाई. तिथे भाकरी सुटायची, शेतावर हात चालायचा. बातु आरांगच्या कामगाराचं गाव समुद्रापलीकडे! संप केला की रोजगार गेला, आणि डोक्यावरचं छप्परही गेलं.

१९३० नंतरच्या जागतिक मंदीत मलायातली मजुरी खाली आली. लाखभराहून जास्त भारतीय मजुरांना परत पाठवण्यात आलं, चिनी मजुरांच्या येण्यावर बंधनं आली. १९३६च्या सुमारास रबर आणि कथलाचे भाव पुन्हा चढले, पण मजुरी त्या मानानं वाढेना. नोव्हेंबर १९३६ मध्ये बातु आरांगला पहिला मोठा संप झाला. मग मार्च १९३७ मध्ये कामगारांनी खाणीचाच ताबा घेतला. फाटकावर त्यांचा पहारा, कारभार त्यांच्या समितीचा. इतिहासाच्या पुस्तकांत याला 'सोव्हिएत' म्हटलं आहे. त्याच महिन्यात काजांगच्या बाजूला रबराच्या मळ्यांवरही हजारो कामगार संपावर होते. सरकार हादरलं. मार्च संपायच्या आत सशस्त्र पोलिसांनी खाणीत शिरून ती परत ताब्यात घेतली.

यामागे कम्युनिस्टांचा हात होता का? होता. मलायन कम्युनिस्ट पार्टी १९३० साली स्थापन झाली होती आणि खाणीत तिची माणसं होती. पण मागण्या बघा. मजुरी वाढवा, आणि कंत्राटदाराच्या जाचातून सोडवा. यात क्रांतीचं असं काय आहे? आज कुठल्याही कंपनीचा एचआर विभाग हे ऐकून दचकणार नाही. 'सोव्हिएत' हा शब्द मात्र इतका मोठा ठरला की मूळची तक्रार त्याखाली गाडली गेली.

सरकारच्या हातात तुरुंगापेक्षा सोपं हत्यार होतं, ते म्हणजे हद्दपारी. कामगार बाहेरून आलेला, म्हणून पुढाऱ्याला पकडून बोटीवर चढवायचं, की प्रश्न मिटला. भारत सरकारला डांगे-मिरजकरांवर १९२९ साली मीरतला खटला भरावा लागला आणि तो जवळजवळ चार वर्षं चालला. इथे खटल्याची गरजच नव्हती.

हे फक्त चिनी लोकांच्या वाट्याला आलं असंही नाही. १९४१ साली क्लांगच्या रबर मळ्यांवर भारतीय कामगारांनी संप केला. त्यांना चिनी कामगारांएवढी मजुरी हवी होती. आणखी एक मागणी अशी, की गोरा साहेब समोरून आला तर सायकलवरून उतरायला लावू नका! त्यांचे नेते आर. एच. नाथन यांना भारतात हद्दपार केलं गेलं आणि संप मोडायला लष्कर आलं.

आपल्या बुकित बातोकला लागून असलेल्या बुकित तिमाहून १९५५ साली विधानसभेत निवडून आले ते लिम चिन सिओंग. वय जेमतेम बावीस, आणि कारखाना कामगारांचे सर्वांत लोकप्रिय पुढारी. तेही १९५६ साली आणि पुन्हा १९६३ साली खटल्याशिवाय स्थानबद्ध झाले. दुसऱ्या वेळी सुटायला १९६९ साल उजाडलं.

हे सगळं जुनं झालं असं म्हणाल, तर नोव्हेंबर २०१२ आठवा. चीनमधून आलेले १७१ बस ड्रायव्हर पगारातली तफावत आणि राहायची गैरसोय यांमुळे कामावर गेले नाहीत. सिंगापूरमध्ये बससेवा ही अत्यावश्यक सेवा, चौदा दिवसांची नोटीस न देता संप करणं गुन्हा, त्यामुळे पाच जणांना तुरुंगवास झाला. २९ जणांना मायदेशी परत पाठवण्यात आलं. कायदा स्पष्ट होता, यात वाद नाही. पण विमानात बसवलेल्या त्या लोकांचं हत्यार आणि १९३७ सालचं हत्यार एकाच घराण्यातलं वाटतं खरं.

आपणही इथे पासवरच आलो. आपला पास चांगल्या पगाराचा, म्हणून आपल्याला तो टोचत नाही. आपल्या ब्लॉकखाली रस्ता खणणारा बांगलादेशी किंवा तमिळ मुलगा मात्र बहुधा एजंटचं कर्ज डोक्यावर घेऊन इथे आलेला असतो. ते फिटेपर्यंत तो तोंड उघडायला धजत नाही, कारण तक्रार म्हणजे परतीचं तिकीट. जॉबर, कंत्राटदार, एजंट. नव्वद वर्षांत मधल्या माणसाचं नाव तेवढं बदललं.

बातु आरांगच्या वीटभट्ट्यांची जुनी धुराडी अजून उभी आहेत. क्वालालंपूरला जाणं झालं तर मुलांना घेऊन थोडी वाट वाकडी करा. आणि तोवर, ब्लॉकखालच्या त्या मुलाशी दोन शब्द बोलायला काय हरकत आहे? त्याला हिंदी बहुतेक थोडंफार येतं.