अर्ध्यावरच्या वाकळेची कुळकथा

लातूरजवळचं रेणापूर हे रेणुकामातेचं गाव. नवरात्रात घट बसायच्या आत घराघरांत दसरा काढतात. भिंती झाडायच्या, डबे-भांडी घासायची आणि घरातलं झाडून सगळं अंथरूण-पांघरूण धुवायचं. ओली वाकळ, म्हणजे गोधडी, एकटीला उचलत नाही, दोघींनी दोन टोकं धरून पिळावी लागते. वाकळेची खरी परीक्षा या धुण्यात होते. कापड जिथं विरलेलं असतं तिथं ते आपटताना फाटतं आणि आतल्या चिंध्या उघड्या पडतात. मग बाया ठरवतात, हिला ठिगळ लावायचं का हिलाच नव्या वाकळेच्या पोटात घालायचं.

वाकळेचा इतिहास लिहायला अवघड आहे तो यामुळेच. देवळाला शिलालेख असतो, तांब्याला कासाराचा शिक्का असतो. वाकळ मात्र झिजेपर्यंत वापरली जाते आणि झिजली की पुढच्या वाकळेत जाते. शंभर-दीडशे वर्षांपलीकडची धड गोधडी हाती लागणं त्यामुळे दुर्मीळ. तिची कुळकथा शोधायची तर शिवण्याच्या रीतीतच शोधावी लागते.

रीत अशी. जमिनीवर खाली जुनं लुगडं अंथरायचं. त्यावर धोतराचे धडपे, झिजलेली पोलकी, सदऱ्यांच्या पाठी असं सगळं उलगडून, उंचवटा राहणार नाही असं पसरायचं. वरून दुसरं लुगडं किंवा जोडलेले तुकडे. थर सरकू नयेत म्हणून आधी लांब लांब टाके मारून घ्यायचे, मग एका कोपऱ्यापासून धावदोरा सुरू करायचा. काठाकाठानं एक फेरा पुरा झाला की बोटभर आत सरकून दुसरा, मग तिसरा. चौकोनात चौकोन करत शेवटचा टाका मधोमध पडतो. आराखडा नाही, चौकट नाही, मोजमाप नाही. कुठंही सुई खोवून उठता येतं आणि आठ महिन्यांनी तिथूनच पुढं जाता येतं. शेजारीण गप्पा मारायला बसली तर तीही दुसऱ्या कडेनं सुई धरते.

माझं म्हणणं असं की ही सोय योगायोगानं झालेली नाही. शेतात राबणाऱ्या, चूल आणि पाळणा सांभाळणाऱ्या बाईला सलग वेळ कधीच मिळत नव्हता. चैत्र-वैशाखात रान मोकळं असतं, ऊन कडक असतं, तेव्हा वाकळा पडतात. मृगाचा पाऊस आला की गुंडाळून माळ्यावर जातात. काम तुटत राहणार हे गृहीत धरूनच हे तंत्र घडलं. म्हणून अर्धी राहिलेली वाकळ हा कुणाचा आळस नव्हे. ती पुढच्या हाताची वाट पाहू शकते, ते या रीतीमुळेच.

हे घराणं फार मोठं आहे. आपल्या शेजारी बिदर-कलबुर्गीकडे वाकळेला कौदी म्हणतात. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ-येल्लापूर भागातल्या, आफ्रिकी वंशाच्या सिद्दी बायकांची कवंदीही काठाकडून आतच शिवली जाते. तिच्या कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांची ‘फुलं’ लावतात, फुलांवाचून कवंदी नागडी समजतात. बंगालचा कांथा, सिंध-राजस्थानकडची रल्ली ही तिचीच भावंडं. त्याहून मागं गेलं तर बौद्ध भिक्खूंचं पांसुकूल येतं, उकिरड्यावरून, स्मशानातून वेचलेल्या कापडाचं वस्त्र. मगधातली बांधबंदिस्तीची शेतं दाखवून बुद्धांनी तशी चिवरं, म्हणजे भिक्खूंची वस्त्रं, करायला सांगितलं आणि त्यांचा शिष्य आनंद यानं ती मांडणी बसवली, असं विनयपिटकात येतं. आजही चिवर तशाच जोडलेल्या तुकड्यांचं असतं. नाथपंथी जोग्यांची कंथा, सूफी फकिरांचा ठिगळांचा झगा हेही याच गोतातले. ठिगळांचे कपडे घालून हिंडणाऱ्या गाडगेबाबांना काही भागांत गोधडे महाराजच म्हणत. विरक्तांनी अंगावर घेतली ती गरिबाघरची वस्तू होती, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आपल्याकडच्या वाकळेचं रूप मात्र कापडानुसार बदलत गेलं. इरकली लुगडं इथल्या बायांच्या रोजच्या अंगावरचं, त्याचे काठ आणि लाल टोप पदर जुन्या वाकळांवर ओळखू येतात. 1911 साली बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी लातूरपर्यंत आली. 1917 मध्ये गंजगोलाईची आखणी झाली, सोळा रस्ते एकत्र येणारी पेठ उभी राहिली. निजामकाळात नांदेडला उस्मानशाही मिल सुरू झाली. गिरणीचं, छापील कापड खेड्यात आलं आणि हातमागाच्या मोजक्या रंगांच्या चिंध्यांत फुलाफुलांच्या चिंध्या मिसळल्या.

मग वाकळा घटल्या कशानं? थंडी काही कमी झाली नाही. जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी देणारी बोहारीण दारात आली आणि वाकळेचा कच्चा माल फडताळातल्या डब्या-वाट्यांत गेला. दुसरं, सुती लुगड्याच्या जागी पॉलिस्टरची साडी आली. ती फाटत नाही, घाम शोषत नाही, थरात घातली तर सरकते. पानिपतच्या कारखान्यांत देशोदेशीचे टाकून दिलेले लोकरीचे कपडे पिंजून, पुन्हा सूत काढून स्वस्त ब्लँकेटं होऊ लागली. चिंधीचंच पांघरूण, पण त्यात घरातल्या कुणाचं लुगडं नाही.

माझ्याकडे चुलतीनं अर्ध्यावर सोडलेली एक वाकळ आहे. अशी वाकळ पुरी करणाऱ्यानं आधी ती उन्हात उलगडावी आणि जुना दोरा हलकेच ओढून बघावा. कुजलेला असेल तर घट्ट टाका लागेपर्यंत मागं उसवावं, त्यापुढं एकही टाका काढू नये. वाकडे टाके सरळ करायच्या मोहात पडू नये, ते त्या हाताचे आहेत. चारी कडा शिवल्याशिवाय धुवायला टाकू नये, आतल्या चिंध्यांचे गोळे होतात. नवं सुती कापड घालायचं तर आधी दोनदा धुऊन घ्यावं, नाहीतर ते आटतं आणि रंग सोडतं. पॉलिस्टर घालूच नये. चुलतीचे टाके गव्हाच्या दाण्याएवढे आहेत, माझे त्याच्या दुप्पट. जिथं तिचा फेरा संपतो आणि माझा सुरू होतो ती जागा लांबूनही कळते. ती लपवायला मी वेगळा दोरा शोधला नाही.

फेरा आत जाईल तसा कापडाचा फुगवटा मध्ये गोळा होतो. तो एकटीनं सारला तर सळ पडतो. त्यासाठी चौघींनी चार बाजूंनी ताणून धरावं लागतं. म्हणून मधला हातभर भाग मी मुद्दाम ठेवलाय. चैत्रात रेणापूरला जाऊन, ज्यांचे हात अजून बसलेले आहेत अशा तिघींना ओसरीवर बोलावून तो शिवायचा आहे.